घरच्या घरीं : रखवालदाराचें घर

ब्रह्मपुरीहून एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्या लिहितात, "मुलांच्या हट्टापायीं एक पिल्लूं घरीं आणिलें, आतां तें चांगलें मोठें झालें आहे. अंगणांत त्याला राहण्यासाठीं घरच्या घरीं, थोडक्या खर्चांत, एखादें घर कसें करावें, तें आपल्या सदरांत सांगाल काय?" प्रश्न साधा आहे. एरवीं चार मापें देऊन व दोन सूचना करून एका पानांत आम्हीं त्याचा निकाल लाविला असता. परंतु या भगिनी वैनगंगेच्या पलीकडे राहतात, आम्ही अलीकडे वडसा येथें राहतों, आणि नदीच्या दोन्ही तीरांस जें जंगल आहे त्याचा स्वभाव एकच आहे. अशा जंगलाच्या शेजारीं कुत्र्याचें घर ही नुसती सुतारकामाची बाब राहत नाहीं. तें कसें, हें आम्हांस स्वतःची चूक सांगूनच समजावून देतां येईल. म्हणून वाचकांनीं आज मापांपूर्वीं थोडी हकीकत ऐकून घ्यावी.

आमच्या गांवास दोन नांवें आहेत. रेल्वेच्या पाटीवर तें वडसा, आणि तालुक्याच्या दप्तरांत देसाईगंज. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्हा विभागून गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून आम्ही गडचिरोलीकर. गांवाभोंवतीं धानाचे बांध, आणि बांधांपलीकडे सागवान, येन, मोह व बांबू यांचें रान. हें रान रिकामें नाहीं. 'सीटी-१' या नांवानें ओळखला गेलेला वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजीं बेशुद्ध करून पकडण्यांत आला, तो वडशाच्याच जंगलांत. तत्पूर्वीं गडचिरोली, चंद्रपूर व भंडारा या तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसें त्याच्या हातून मेलीं होतीं. त्या दिवसांत सायंकाळीं शेतावरून परतणाऱ्या माणसाची वाट पाहणें म्हणजे काय, हें येथील प्रत्येक घरास ठाऊक झालें.

तथापि वाघ वस्तींत क्वचितच शिरतो. बिबट्याचें तसें नाहीं. तो अंगानें लहान, चालीनें निःशब्द, भिंत व झाड चढण्यांत पटाईत, आणि खाण्याच्या बाबतींत मुळींच चोखंदळ नसलेला असा प्राणी आहे. रानांत हरिण मिळालें तर हरिण. न मिळालें तर गांवाच्या कडेला जें सांपडेल तें. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून त्याच्या आहाराचा हिशेब मांडिला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत असें आढळलें कीं, बिबट्याच्या खाण्यापैकीं वजनानें ८७ टक्के भाग माणसाच्या आश्रयास असलेल्या प्राण्यांचा होता. त्यांत एकट्या कुत्र्यांचा वांटा ३९ टक्के, आणि शेळ्यांचा अवघा ११ टक्के. वास्तविक त्या भागांत शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट अधिक आहेत. मग असें कां व्हावें? कारण उघड आहे. शेळी दूध देते, पैसा देते, म्हणून शेतकरी तिला रात्रीं कोंडून ठेवितो. कुत्रा नुसती राखण करितो, म्हणून तो उघड्यावर असतो.

हा हिशेब आम्हीं पुष्कळ उशिरां वाचला. तो आमच्या अंगणांत आधींच मांडिला गेला होता.

आमचा मोत्या हा कोणत्याहि विलायती जातीचा नव्हे. पिवळसर रंगाचा, उभ्या कानांचा, स्टेशनाच्या बाजूस पावसांत भिजत बसलेला एक गांवठी पिल्लूं मुलांनीं उचलून आणिला, तो हा. मोठा झाल्यावर त्याची व्यवस्था आम्हीं सर्वसाधारण रीतीप्रमाणें लाविली. दिवसां मोकळा, रात्रीं अंगणाच्या टोंकास कडुनिंबाला साखळीनें बांधलेला. शेजारच्या घरीं हि तशीच व्यवस्था होती. त्यांचा काळा कुत्रा मोत्याहून धिप्पाड, आवाजानें खणखणीत. चोराचिलटाचें भय म्हणून आमच्या आळींत कोणास नव्हतें, तें त्याच्याच जिवावर.

तीन वर्षांपूर्वींच्या पौषांतील गोष्ट. रात्रीं दोनच्या सुमारास काळ्याचा एकच आवाज आला. भुंकणें नव्हे, भुंकण्याचा आरंभ. मग साखळीचा खणखणाट झाला आणि सर्व शांत झालें. शेजारचे लोक दिवा घेऊन बाहेर आले, आम्हीहि गेलों. साखळी खुंट्याला जशीच्या तशी होती. तिच्या टोंकास तुटलेला पट्टा होता. ओढीत नेल्याची रेघ धानाच्या रिकाम्या बांधीकडे गेली होती. शेजारच्या वहिनींचा आठ वर्षांचा मुलगा तो पट्टा हातांत घेऊन पायरीवर बसला, व सकाळपर्यंत तो कोणास देईना. आमचा मोत्या कडुनिंबाच्या बुंध्याशीं अंगाचें मुटकुळें करून पडला होता. त्या रात्रीं तो एकदांहि भुंकला नाहीं.

आम्ही त्याची साखळी सोडण्यास वांकलों, तेव्हां जें मनांत आलें तें येथें लिहितों. जुन्या काळीं शिकारी लोक मचाणावर बसत व खालीं बकरें बांधीत. बकऱ्यानें ओरडावें, त्या ओरडण्यानें जनावर यावें, आणि दाव्यामुळें बकऱ्यास पळतां येऊं नये, अशी ती योजना. आमच्या अंगणांत याहून निराळें काय होतें? निसर्गानें कुत्र्यास संकटापासून वांचण्यासाठीं नाक दिलें, कान दिले आणि पाय दिले. आम्हीं पाय बांधून ठेविले, व उरलेल्या दोहोंच्या जोरावर त्यानें आमची राखण करावी अशी अपेक्षा धरिली. रखवालदार म्हणून ज्याला आणिलें, त्याला आम्हीं आमिष करून ठेविलें होतें.

त्या रात्रीं मोत्यास कोठें ठेवावें हा प्रश्न पडला. आमच्या मातोश्रींचें सोवळेंओवळें कडक. कुत्र्यानें ओसरीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेविलेला त्यांस खपत नसे. तो गेल्यावर तेथें पाणी शिंपडलें जाई. आम्ही अंगणांत घुटमळत असलेलें पाहून त्याच दारांत आल्या आणि म्हणाल्या, "अरे, बघतोस काय? त्याला आधीं आंत घे. माझं सोवळं मी पाहीन." पहांटे आम्ही उठलों तों मोत्या ओसरीच्या कोंपऱ्यांत पोत्यावर निजलेला, आणि मातोश्री नेहमींप्रमाणें स्नान करून तुळशीला पाणी घालीत होत्या. पुढें एकदां आम्हीं हा विषय काढिला, तेव्हां त्यांनीं महाप्रस्थानाची आठवण दिली. धर्मराजानें इंद्राचा रथ दाराशीं उभा असतां कुत्र्यावांचून स्वर्गांत येणार नाहीं असा हट्ट धरिला. आम्हांस तर त्याला केवळ ओसरीपर्यंत आणावयाचें होतें.

परंतु ओसरी ही कायमची सोय नव्हे, आणि उघड्या ओसरीवर बिबट्या येणार नाहीं असें कोणी लिहून दिलेलें नाहीं. तेव्हां घर बांधावयाचें ठरलें. तें कसें बांधिलें, कोठें चुकलों व काय शिकलों, तें आतां क्रमानें सांगतों.

जागा. घाण व वास नको म्हणून कुत्र्याचें घर अंगणाच्या टोंकास करण्याची चाल आहे. आमच्या भागांत ती सर्वस्वीं सोडून द्यावी. घर आपल्या घराच्या भिंतीस लागून, शक्य तर निजण्याच्या खोलीच्या खिडकीजवळ असावें. यांत तीन फायदे आहेत. एक बाजू पक्क्या भिंतीची आयती मिळते. कुत्र्याचा आवाज आपणांस तत्काळ ऐकूं येतो. आणि कुत्र्यास माणसाची चाहूल लागत असल्यामुळें तो स्वस्थ निजतो. जमीन भोंवतालच्या अंगणाहून उंच असावी, नाहीं तर आषाढांत घरांत तळें होतें. तोंड पूर्वेकडे ठेवावें. सकाळचें ऊन आंत येतें, दुपारचें येत नाहीं, व पश्चिमेकडून येणारी पावसाची झड पाठीवर जाते. जवळ झाडाची फांदी किंवा कुंपणाची भिंत छपरावर उतरावयास सोयीची अशी नसावी.

दोन घरें, एक नव्हे. ही या सर्व लेखांतील मुख्य सूचना होय. नुसती लांकडी पेटी थंडीपावसापासून वांचवील, बिबट्यापासून नाहीं. नुसती जाळीची खोली बिबट्यापासून वांचवील, थंडीपावसापासून नाहीं. म्हणून बाहेर जाळीची खोली व तिच्या आंत निजण्याची पेटी, अशी जोडी पाहिजे. पेटी घरच्या घरीं होते. जाळीच्या खोलीचें लोखंडकाम मात्र वेल्डिंग करणाऱ्याकडून करून घ्यावें लागतें, आणि खर्चाचा मोठा भाग तोच. तेथें काटकसर करूं नये.

जाळीची खोली. आमची खोली ८ फूट लांब, ५ फूट रुंद व ६॥ फूट उंच आहे. एवढी उंची कुत्र्यासाठीं नव्हे, झाडणाऱ्या माणसासाठीं. वांकून झाडावें लागलें तर झाडणें चुकतें, हा अनुभव आहे. खालीं विटांचा ९ इंच उंचीचा ओटा बांधून वर सिमेंटचा गिलावा केला, व पाणी वाहून जाण्यासाठीं त्यास एका बाजूस उतार दिला. लोखंडी अँगलचे खांब ओट्याच्या बांधकामांतच पक्के रोविले. मातीच्या जमिनीवर नुसता सांगाडा ठेवूं नये. बाहेरून उकरतां येतें, आणि आंतून कुत्राहि उकरितो.

जाळी जाड तारेची, वेल्ड केलेली, दोन इंचांहून मोठा चौकोन नसलेली अशी घ्यावी. कोंबड्यांच्या खुराड्यास लावितात ती षट्कोनी बारीक तारेची जाळी या कामास निरुपयोगी आहे. ती कोंबडीस आंत ठेविते. बिबट्यास बाहेर ठेवीत नाहीं. मोठ्या चौकोनांतून पंजा आंत जातो. याच कारणासाठीं खालचे दोन फूट जाळीच्या आंतून पत्रा लावून बंद केले आहेत. कुत्र्यास जाळीला टेकून निजण्याची संवय असते, व त्या वेळीं पंजा त्याच्यापर्यंत पोंचूं नये, एवढाच त्याचा हेतु. वरच्या बाजूसहि जाळी अवश्य पाहिजे. चारी बाजूंनीं भक्कम व वर उघडें असें आवार म्हणजे बिबट्यास विहिरींत उतरण्याइतकेंहि कष्ट नाहींत. आणि छप्पर नुसत्या कवेलूंचें असलें तर तीं सरकावयास वेळ लागत नाहीं. म्हणून आधीं जाळी, तिच्यावर बांबूची चटई, व तिच्यावर कवेलू, असा थर आम्हीं केला. पत्रा टाकिला असता तर काम लवकर झालें असतें. परंतु ब्रह्मपुरीचें नांव उन्हाळ्यांत देशांतील अति तप्त गांवांच्या यादींत वरचेवर येतें, व आम्ही तेथून नदीपलीकडेच आहों. वैशाखांत पत्र्याखालीं कुत्रा ठेवणें म्हणजे त्यास तव्यावर ठेवणें होय.

दार बाहेर उघडणारें असावें व आंतल्या अंगास चौकटीला अडसरपट्टी असावी, म्हणजे बाहेरून कितीहि जोर लागला तरी दार चौकटीवरच दाबलें जातें. कड्या दोन, एक वर व एक खालीं. कडींत खिळा अडकविण्याची सोय असावी. आमची पहिली कडी साधी होती. मोत्यानें ती नाकानें उचलण्याची कला चार दिवसांत साध्य केली, आणि पांचव्या रात्रीं तो अंगणांत फिरतांना आढळला.

निजण्याची पेटी. येथें आमची सर्वांत मोठी चूक झाली. ऐसपैस घर म्हणजे सुखाचें घर, अशी आपली समजूत असते. आम्हीं ४॥ फूट लांब व ३॥ फूट रुंद पेटी आंखिली. आमच्याकडे येणारे सुतार मिस्त्री तें पाहून हंसले आणि म्हणाले, "काऊन जी गुरुजी, कुत्र्याले घर बांधता का वासराले?" आम्हीं त्यांचें ऐकिलें नाहीं. मार्गशीर्षांत थंडी पडली, आणि मोत्या त्या मोठ्या पेटींत न निजतां बाहेर ओट्यावर कुडकुडूं लागला. कारण असें कीं, पेटींत दुसरी शेगडी नसते. कुत्र्याच्या अंगाची ऊब हीच काय ती शेगडी. जागा जितकी मोठी तितकी ती ऊब फुकट जाते. पेटी दुसऱ्यांदा, लहान केली, तेव्हां तो आपण होऊन आंत गेला.

माप घेण्याची रीत अशी. कुत्रा उभा असतां नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजावें व त्यांत ५-६ इंच मिळवावे. ती पेटीची लांबी. तो बसला असतां डोक्याची उंची मोजून त्यांत ३-४ इंच मिळवावे. ती पुढची उंची. रुंदी इतकी कीं, आंत त्यास गिरकी घेऊन निजतां यावें. आमचा मोत्या नाकापासून शेपटीपर्यंत ३० इंच व बसला असतां २६ इंच भरतो. त्याची पेटी आंतून ३६ इंच लांब, २६ इंच रुंद, पुढें ३० इंच व मागें २७ इंच उंच आहे. पिल्लूं लहान असेल तर तें पुरें वाढल्यावर किती होईल याच्या अंदाजानें पेटी करावी, व तोंवर आंत फळी आडवी लावून जागा कमी करावी.

दार १२ इंच रुंद व १७ इंच उंच ठेविलें. कुत्रा मान खालीं करून सहज आंत जातो. त्यास उभ्यानें जातां येईल एवढें दार कशास पाहिजे? दार लांब बाजूच्या मध्यावर न ठेवितां एका टोंकास ठेवावें, म्हणजे दुसऱ्या टोंकाचा कोंपरा वाऱ्यापासून सुटतो व कुत्रा तेथेंच निजतो. दाराखालीं तीन इंचांचा उंबरठा ठेवावा. तो नसेल तर अंथरूण रोज बाहेर येतें.

लांकूड सागवानी, एक इंच जाडीचें, आणि जुनें असावें. पाडलेल्या घराचीं दारें व फळ्या गांवांत मिळतात. तीं ऊन-पाऊस खाऊन बसलेलीं असतात, पुन्हां फारशीं वाकत नाहींत. जंगल जवळ आहे म्हणून कोणी आणून दिलेलें विनापरवान्याचें ओलें लांकूड कदापि घेऊं नये. तो गुन्हा तर आहेच. शिवाय जनावर गांवांत कां येतें याची चिंता करीत आपणच त्याचें रान विरळ करावें, हें शोभत नाहीं. फळ्यांच्या सांध्यांवर बाहेरून पट्ट्या ठोकाव्या. उन्हाळ्यांत सांधे उघडतात, पावसाळ्यांत मिटतात, पट्टी दोहोंसहि झांकते. खिळ्यांऐवजीं स्क्रू वापरावे, म्हणजे पुढें पेटी खोलतां येते. करवत, रंधा, पटाशी, गिरमिट आणि गुण्या एवढीं हत्यारें पुरतात. गुण्या मात्र विसरूं नये. पहिला कोन चुकला कीं चारी चुकतात.

छप्पर पक्कें ठोकूं नये. मागच्या बाजूस बिजागऱ्या लावून तें पेटाऱ्याच्या झांकणासारखें उघडणारें करावें, व चारी बाजूंस तीन इंच पुढें काढावें. आमचें पहिलें छप्पर ठोकलेलें होतें. आंत गोचीड झाले तेव्हां हात पोंचेना. छपराच्या लगत खालीं दोन्ही बाजूंस गिरमिटानें तीन-तीन भोंकें पाडावीं. थंडींत त्यांनीं वारा लागत नाहीं, पण श्वासाचा दमटपणा बाहेर जातो.

पेटीस ५ इंचांचे पाय असावे. पाय विटांच्या तुकड्यांवर ठेविले म्हणजे वाळवी लगेच चढत नाहीं. पेटीखालची जागा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत दिसेल अशी मोकळी ठेवावी. तेथें गोवऱ्या, फळ्या, रिकामीं पोतीं यांची रास करूं नये. जेथें रास तेथें उंदीर, आणि उंदरामागें नाग किंवा मण्यार. मण्यार तर रात्रींच फिरणारा साप आहे. अंथरूण पसरण्यापूर्वीं काठीनें झाडून पाहण्याची संवय मुलांना अवश्य लावावी.

अंथरूण. जुनी गोधडी दिसावयास मायेची, परंतु ओली झाली कीं आठवडाभर वाळत नाहीं. आपल्या भागांत धानाचें तणस हवें तितकें मिळतें, त्याहून उत्तम अंथरूण नाहीं. दर आठवड्यास तें बदलावें. जुनें खताच्या खड्ड्यांत जातें. पेटी महिन्यांतून एकदां रिकामी करून उघड्या झांकणानें दिवसभर उन्हांत ठेवावी, व सांध्यांतून चुन्याचा हात द्यावा. उन्हाळ्यांत कुत्रा पेटींत निजणारच नाहीं. त्यानें बाहेर ओट्यावर निजावें म्हणून तर जाळीची खोली मोठी केली आहे. तेथें ओलें पोतें व जड बुडाचें मातीचें पाण्याचें भांडें असलें कीं झालें.

संवय. नवें घर बांधून कुत्र्यास उचलून आंत कोंडलें तर तो त्या घराचा कायमचा वैरी होतो. पहिले आठ-दहा दिवस दार उघडें ठेवून रात्रींचें जेवण तेथेंच द्यावें. तो आपण होऊन निजूं लागला कीं मग कडी लावावी. आणि ही खोली केवळ रात्रीसाठीं आहे, हें ध्यानांत असूं द्यावें. दिवसभर कोंडणें व रात्रभर बांधणें यांत फरक तो काय? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमांत फार आंखूड किंवा फार जड साखळीनें जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणें हा अपराध म्हटला आहे, आणि नेहमीं बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्यास पुरेसें हिंडूंफिरूं न देणें हाहि. आपल्या आळींतील किती घरें या कलमांतून सुटतील, हें ज्याचें त्यानें पाहावें.

येथें कोणी विचारील, "कुत्राच कोंडला तर घराची राखण कोण करणार?" आम्हांसहि शेजाऱ्यांनीं हें विचारिलें. उत्तर सोपें आहे. कुत्रा राखण करितो ती दातांनीं नव्हे, कानांनीं व आवाजानें. जाळीच्या आंतून त्याला तितकेंच ऐकूं येतें, आणि आंत सुरक्षित असल्यामुळें तो उलट अधिक मोकळेपणानें भुंकतो. त्या पौषांतील रात्रीं मोत्या गप्प राहिला होता. गेल्या वर्षीं पावसाळ्यांत दोन वेळां तो मध्यरात्रीं इतका भुंकला कीं सर्व आळी जागी झाली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चिखलांत पंजाचे ठसे दिसले. खोलीच्या एका खांबाजवळ ते थांबले होते आणि तेथून परत फिरले होते. भ्यालेला रखवालदार मुका होतो; निर्धास्त रखवालदार बोलतो.

मात्र जाळी बांधिली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें नाहीं. उष्टें-खरकटें कुंपणाबाहेर फेंकलें कीं मोकाट कुत्रीं व डुकरें जमतात, आणि त्यांच्यामागें बिबट्या येतो. तें खड्ड्यांत पुरावें. आपल्या कुत्र्यास पिसाळ रोगाची लस वेळच्या वेळीं टोंचावी. ती घरच्या मुलांसाठीं. डिस्टेंपरची लसहि टोंचावी, ती रानासाठीं. २०१८ सालीं गीरच्या जंगलांत थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह मेले, व त्यांतील कांहींच्या शरीरांत डिस्टेंपरचा विषाणु सांपडला. हा रोग कुत्र्यांत सर्रास आढळतो. आपण कुत्र्यास रानापासून जपावें, तसेंच रानासहि आपल्या कुत्र्यापासून जपावें. शेजारधर्म दोहों बाजूंनीं असतो. बिबट्याचा आम्ही राग धरीत नाहीं. त्यानें त्याच्या जातीचें काम केलें. चुकलों तें आम्ही.

ब्रह्मपुरीच्या भगिनींस आमचें सांगणें एवढेंच कीं, सर्व काम एका महिन्यांत होत नसेल तर आधीं जाळीची खोली करावी, पेटी मागाहून. आणि खोली पुरी होईपर्यंत पिल्लूं रात्रीं घराच्या आंत घ्यावें, मग घरांतील वडील मंडळी कांहींहि म्हणोत. आमचा अनुभव असा आहे कीं, वडील मंडळी आपणांस वाटतें त्यापेक्षां पुष्कळ लवकर समजतात.

शेजारच्या वहिनींकडे वर्षभर कुत्रा नव्हता. मुलगा नको म्हणे. मग गेल्या दिवाळीनंतर एक करड्या रंगाचें पिल्लूं तोच घेऊन आला, पण घरीं नेण्यापूर्वीं आमच्याकडे येऊन त्यानें विचारिलें, "काका, मोत्याच्या घराची मापं द्याल का?" त्यांची जाळीची खोली त्यांच्या भिंतीस लागून झाली आहे. पेटी त्यानें व आम्हीं मिळून चार रविवारांत केली. गुण्या धरण्याचें काम सर्वस्वीं त्याचें होतें. आतां रात्रीं आठ वाजतां तो दोन्ही घरच्या कड्या लावून येतो, खिळा अडकवितो, आणि एकदां ओढून पाहतो. हें काम दुसऱ्या कोणीं केलेलें त्यास चालत नाहीं.

ज्या वाचकांनीं आपल्या भागाच्या हवापाण्यास अनुसरून अशीं घरें केलीं असतील, त्यांनीं मापांसह आपला अनुभव अवश्य कळवावा. चुका आधीं कळवाव्या. त्याच अधिक उपयोगीं पडतात.